वेबसाइटच्या फॉर्मचा ऑटो-रिप्लाय नीट पोचवायचा कसा: एसएमटीपी लॉगिनपासून डीमार्कपर्यंत

कोकणातल्या होमस्टेची साइट असो, गावच्या वाचनालयाची असो नाहीतर ट्रेकिंग ग्रुपची, "संपर्क करा" हा फॉर्म सगळीकडे असतोच आणि फॉर्म भरणाऱ्याला लगेच "तुमचा निरोप मिळाला, दोन दिवसांत कळवतो" असा मेल आपोआप गेला पाहिजे हेही सगळ्यांना हवं असतं. पण तो मेल जातच नाही, किंवा जातो आणि स्पॅममध्ये पडतो, आणि समोरच्याला वाटतं की ह्यांनी साधी दखलपण घेतली नाही. मी अशा बऱ्याच साइट्सचं हे काम केलंय, त्यामुळे गाडी नेमकी कुठे अडते ते आता माहीत झालंय, तेच क्रमाने सांगतो. उदाहरण वर्डप्रेस आणि त्यावरच्या कॉन्टॅक्ट फॉर्म ७ ह्या फॉर्म बनवणाऱ्या प्लगिनचं (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचं) घेतलंय, तुमच्याकडे दुसरं काही असलं तरी पायऱ्या ह्याच लागतील.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. इथे तपासणी दोनदा होते. पहिली तुमच्या प्रोव्हायडरकडे (ज्या कंपनीमार्फत मेल जातो तिच्याकडे), तुमची साइट त्याच्या सर्व्हरवर युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करते तेव्हा. मेल पाठवायच्या ह्या पद्धतीला एसएमटीपी म्हणतात. दुसरी समोरच्याच्या मेल सर्व्हरवर, तो बघतो की हा मेल खरंच ह्या डोमेनच्या मालकाने पाठवायला सांगितलाय का. पहिली पास झाली की प्लगिनमध्ये हिरवी खूण येते आणि लोक तिथेच थांबतात, दुसरीकडे कोणी बघतच नाही. स्पॅमची तक्रार जवळजवळ नेहमी ह्या दुसऱ्या तपासणीतून आलेली असते.

१. आधी हे सगळं हाताशी घ्या

अर्ध्यात काम सोडून कोणाचा तरी ओटीपी मागत बसायला लागू नये म्हणून:

- वर्डप्रेसचं ॲडमिन लॉगिन
- डोमेन जिथून घेतलं तिथलं लॉगिन, आणि डीएनएस (डोमेनच्या नावाने कुठे काय आहे हे जगाला सांगणारी नोंदवही) दुसरीकडे असेल (उदाहरणार्थ क्लाउडफ्लेअरवर) तर तिथलंही
- मेल प्रोव्हायडरचं ॲडमिन लॉगिन, नुसतं मेलबॉक्सचं नाही
- त्या खात्याला जोडलेला मोबाइल ज्याच्याकडे आहे तो माणूस, फोनवर तरी
- टेस्टसाठी दोन-तीन वेगळ्या कंपन्यांचे मेल आयडी: एक जीमेल, एक याहू, एक आउटलुक

डीएनएस नक्की कुठे आहे हे नेमसर्व्हर (ही नोंदवही ज्यांच्यावर असते ते सर्व्हर) बघून ठरवा, अंदाजाने नको. नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचे असतील तर डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलमध्ये केलेल्या बदलांचा काहीही उपयोग होत नाही, तिथे सगळं सेव्ह होतं, एरर येत नाही, आणि जगाला त्यातलं काहीच दिसत नाही. ह्यात लोकांचे आख्खे दिवस जातात.

२. मेल कोणामार्फत जाणार ते ठरवा

काहीच सेटिंग केलं नाही तर वर्डप्रेस होस्टिंगच्या सर्व्हरवरूनच, कुठलंही लॉगिन न करता, "वर्डप्रेस ॲट तुमचं-डोमेन" अशा पत्त्यावरून मेल ढकलून देतं. त्या सर्व्हरच्या आयपीवरून आणखी शेकडो साइट्स मेल पाठवत असू शकतात, त्यातल्या एखाद्याने घाण केली तर बदनामी तुमच्यापण वाट्याला येते. म्हणून प्रोव्हायडर हवा.

महिन्याला थोडेच फॉर्म येत असतील तर तुमचा नेहमीचा मेल जिथे आहे, म्हणजे गूगल वर्कस्पेस, झोहो मेल वगैरे, तोच वापरा. वर्कस्पेसवर एका युजरला दिवसाला २००० मेलची मर्यादा आहे, साध्या जीमेल खात्याला ५०० ची, छोट्या साइटला ते भरपूर झालं. फॉर्म जास्त असतील, किंवा ऑटो-रिप्लायमुळे नेहमीच्या मेलबॉक्सवर बंदी येऊ नये असं वाटत असेल, तर ब्रेव्हो, मेलगन, पोस्टमार्क, ॲमेझॉन एसईएस अशा खास मेल पाठवणाऱ्या सेवा असतात.

फुकटचं साधं जीमेल खातं मात्र संस्थेच्या साइटसाठी वापरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. जीमेलच्या सर्व्हरवरून पाठवताना तुम्ही फ्रॉममध्ये संस्थेचा पत्ता टाकला आणि तो खात्यात "सेंड मेल ॲज" म्हणून जोडलेला नसेल, तर गूगल तो पत्ता बदलून स्वतःच्या जीमेलचा करून टाकतं. मग लोकांना खजिनदारांच्या खासगी जीमेलवरून संस्थेचं उत्तर येतं, आणि खजिनदार बदलले की सगळं बंद.

३. लॉगिनसाठी वेगळा पासवर्ड काढा

इथे नेहमीचा पासवर्ड चालत नाही. साध्या जीमेल खात्यांसाठी गूगलने ३० मे २०२२ पासून नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या ॲपला आत घेणं बंद केलं, पुढे वर्कस्पेसलाही तेच लागू झालं. आता खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं आणि मग १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढायचा. टू-स्टेप चालू नसेल तर ॲप पासवर्डचा पर्याय दिसतच नाही. चालू असूनही दिसत नसेल तर वर्कस्पेसच्या ॲडमिनला विचारा, त्याच्याकडून तो बंद असू शकतो.

ॲप पासवर्ड एकदाच दिसतो, तेव्हाच कॉपी करा, मधल्या मोकळ्या जागा काढून टाका. आणि हे लक्षात ठेवा की गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड कोणी बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. "काल रात्रीपर्यंत चालत होतं, आज बंद" ह्या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण आहे, त्यामुळे प्लगिनमध्ये शोधाशोध करायच्या आधी संस्थेत विचारा की कोणी पासवर्ड बदलला का.

झोहोवरही टू-स्टेप चालू असेल तर ॲप पासवर्डच लागतो. ब्रेव्हो, मेलगन वगैरेंकडे एसएमटीपीसाठी वेगळी की किंवा वेगळं युजरनेम-पासवर्ड मिळतं, त्यांच्या वेबसाइटचं लॉगिन तिथे टाकू नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर आधी बघा की त्या मेलबॉक्सला एसएमटीपी ऑथ (लॉगिन करून बाहेरून मेल पाठवायची परवानगी) चालू आहे का, नव्या खात्यांमध्ये ते बंदच असतं.

शक्य असेल तर ह्या कामासाठी वेगळा मेलबॉक्स ठेवा, "संपर्क" किंवा "इन्फो" अशा नावाचा. पासवर्ड फुटला तर निदान अध्यक्षांचा सगळा पत्रव्यवहार उघडा पडत नाही.

४. प्लगिनमध्ये होस्ट, पोर्ट, एन्क्रिप्शन

डब्ल्यूपी मेल एसएमटीपी किंवा तत्सम प्लगिन टाका आणि "अदर एसएमटीपी" निवडा. (गूगलसाठी प्लगिनमध्ये ओऑथचा, म्हणजे गूगलच्या पानावर जाऊन परवानगी द्यायचा, पर्यायही असतो, त्यात पासवर्ड साठवावाच लागत नाही, तो जास्त सुरक्षित आहे, पण गूगल क्लाउडमध्ये प्रोजेक्ट बनवावा लागतो आणि नवख्या माणसाला ते जड जातं. सुरुवात ॲप पासवर्डने करा.)

होस्टचं नाव प्रोव्हायडरच्या हेल्प पेजवरून कॉपी करा. झोहोच्या बाबतीत जपून: तुमचं खातं भारतातल्या डेटा सेंटरवर असेल तर होस्टच्या शेवटी "डॉट इन" येतं, "डॉट कॉम" नाही. चुकीचा टाकला तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं आणि माणूस दहा वेळा पासवर्डच बदलत बसतो.

पोर्ट आणि एन्क्रिप्शन ही जोडी आहे, ती जुळलीच पाहिजे:

- पोर्ट ४६५ असेल तर एन्क्रिप्शन "एसएसएल". कनेक्शन पहिल्यापासून बंद पाकिटातच असतं.
- पोर्ट ५८७ असेल तर "टीएलएस". इथे आधी साधं कनेक्शन होतं आणि मग स्टार्ट-टीएलएसने ते एन्क्रिप्ट होतं.
- पोर्ट २५ ह्या कामाला नाही, तो सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीचा. बरेच क्लाउडवाले तो बंदच ठेवतात.

एन्क्रिप्शन "नन" ठेवून कधीच लॉगिन करू नका, कारण लॉगिनच्या ज्या साध्या पद्धती आहेत त्यात पासवर्ड फक्त बेस६४ मध्ये लिहून जातो, आणि ते कोणीही एका सेकंदात उलगडू शकतं.

सगळं बरोबर आहे आणि तरी "कनेक्शन टाइम-आउट" येतंय? मग चूक पासवर्डची नाही, होस्टिंगवाल्याने बाहेर जाणारा पोर्टच अडवलाय. डिजिटलओशनच्या ड्रॉपलेटवर तर २५, ४६५ आणि ५८७ तिन्ही मुळातच बंद असतात. बऱ्याच मेल सेवा अशा वेळेसाठी २५२५ हा पोर्ट देतात, किंवा मग एसएमटीपी सोडून त्यांच्या एपीआयने (प्रोग्रामने सेवेशी थेट वेबवरून बोलायच्या सोयीने) पाठवा, तो साध्या वेब ट्रॅफिकसारखा जातो.

५. फ्रॉममध्ये कोणाचा पत्ता? (हे नीट वाचा)

एका फॉर्मवरून दोन मेल जातात. एक तुम्हाला, "अमुकने फॉर्म भरला" असा. दुसरा फॉर्म भरणाऱ्याला, तोच ऑटो-रिप्लाय. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ मध्ये पहिला "मेल" ह्या भागात असतो आणि दुसरा त्याच्या खालीच "मेल (२)" म्हणून, तो टिक करून चालू करावा लागतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पहिल्या मेलला "रिप्लाय" दाबलं की थेट गिऱ्हाइकाला उत्तर जावं म्हणून लोक फ्रॉममध्ये गिऱ्हाइकाचाच पत्ता टाकतात. म्हणजे तुमची साइट जगाला सांगते की हा मेल त्या माणसाच्या याहू खात्यावरून आलाय. याहूने एप्रिल २०१४ मध्येच जाहीर करून ठेवलंय की आमच्या नावाने आलेला पण आमच्याकडून न निघालेला मेल सरळ नाकारा. मग तो मेल तुमच्यापर्यंत येतच नाही, चौकशी हरवते, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही की अशी चौकशी आली होती. ऑटो-रिप्लाय न जाण्यापेक्षा हे जास्त वाईट आहे.

बरोबर पद्धत अशी: दोन्ही मेलमध्ये फ्रॉम म्हणजे तुमच्या डोमेनचा पत्ता, ज्या खात्याने लॉगिन केलंय तोच. पहिल्या मेलच्या "ॲडिशनल हेडर्स" (मेलच्या डोक्यावर जाणाऱ्या जादा ओळी) मध्ये रिप्लाय-टू म्हणून गिऱ्हाइकाचा पत्ता. दुसऱ्या मेलमध्ये रिप्लाय-टू म्हणून तुम्ही खरोखर वाचता तो पत्ता. "नो-रिप्लाय" पत्ता मला तरी आवडत नाही, माणसं ऑटो-रिप्लायलाच उत्तर देऊन "अहो, तारीख चुकून १४ लिहिली, १५ हवी होती" असं कळवतात, ते तुमच्यापर्यंत यायला हवं.

शिवाय प्लगिनमध्ये "फोर्स फ्रॉम ईमेल" ही टिक लावून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुठल्या प्लगिनने वेगळाच पत्ता घुसवला तरी जाताना तुमचाच जाईल. अनेक प्रोव्हायडर लॉगिनचा पत्ता आणि फ्रॉमचा पत्ता वेगळा दिसला की मेल घेतच नाहीत.

६. डीएनएसमधली तीन रेकॉर्ड्स

आता दुसरी तपासणी. तिन्ही टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, रेकॉर्ड्स असतात (डीकिम काही जण सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं रेकॉर्ड, म्हणून देतात), आणि तिन्ही प्रोव्हायडरच्या पॅनेलवरून कॉपी-पेस्ट करायची, हाताने टाइप करायची नाहीत.

एसपीएफ म्हणजे ह्या डोमेनच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. एका डोमेनला एकच एसपीएफ रेकॉर्ड चालतं. वर्कस्पेसचं आधीच आहे आणि तुम्ही मेलगनसाठी दुसरं नवीन टाकलंत, तर दोन्ही निकामी होतात. जुन्याच रेकॉर्डमध्ये नवीन "इन्क्लूड" (त्या सेवेच्या सर्व्हरांची यादी जोडणारा शब्द) घाला. आणि असे इन्क्लूड वाढवत नेऊ नका, तपासताना डीएनएसमध्ये १० पेक्षा जास्त वेळा बघावं लागलं तर तपासणी फेल धरली जाते, एकेक इन्क्लूड आतमध्ये आणखी तीन-चार घेऊन येतो. जुन्या, सोडून दिलेल्या सेवांची नावं काढून टाका.

डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवर प्रोव्हायडरने केलेली सही, जिची पब्लिक की तुमच्या डीएनएसमध्ये असते. वर्कस्पेसमध्ये ॲडमिन कन्सोलच्या जीमेल विभागात "ऑथेंटिकेट ईमेल" इथे की तयार करा, डीएनएसमध्ये टाका, आणि मग परत येऊन "स्टार्ट ऑथेंटिकेशन" दाबा. ते बटण दाबायचं खूप जण विसरतात. तोपर्यंत गूगल सही करतं, पण स्वतःच्या एका डोमेनच्या नावाने, त्यामुळे टेस्टमध्ये "डीकिम पास" दिसतं आणि डीमार्कला त्याचा उपयोग शून्य. की २०४८ बिटची घ्या. काही पॅनेल २५५ अक्षरांपुढचं कापून टाकतात, तिथे ती दोन तुकड्यांत अवतरणचिन्हांत द्यावी लागते. क्लाउडफ्लेअरवर डीकिमचं सीनेम असेल तर शेजारचा नारिंगी ढग (ट्रॅफिक क्लाउडफ्लेअरमधून नेणारं बटण) बंद करा.

डीमार्क ह्या दोघांना फ्रॉमच्या पत्त्याशी जोडतं. एसपीएफ किंवा डीकिम, निदान एक पास व्हायला हवं आणि ते फ्रॉममध्ये दिसणाऱ्या डोमेनच्याच नावाने पास व्हायला हवं. मेल पाठवणाऱ्या सेवा बऱ्याचदा बाउन्स (न पोचता परत आलेले मेल) घेण्यासाठी स्वतःचं डोमेन वापरतात, तेव्हा एसपीएफ त्यांच्या नावाने पास होतं, तुमच्या नाही. म्हणून डीकिमवर जास्त लक्ष द्या. डीमार्कची सुरुवात "पी इक्वल टू नन" ने (म्हणजे फेल झालेला मेलही अडवू नका असं सांगून) करा आणि रिपोर्ट यायला एक मेल आयडी द्या.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केलेत. जीमेलला कोणीही मेल पाठवला तरी एसपीएफ किंवा डीकिम हवंच, आणि दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही अधिक डीमार्क. तुम्ही ५००० च्या जवळपासही नसाल, तरी तिन्ही करून टाका, खर्च काही नाही.

नावाच्या रकान्यात एक सापळा आहे. बरेच पॅनेल डोमेनचं नाव आपणहून शेवटी जोडतात, तुम्हीपण पूर्ण नाव लिहिलंत तर डोमेन दोनदा लागतं आणि रेकॉर्ड भलत्याच नावाने बनतं. सेव्ह केल्यावर पूर्ण नाव काय झालंय ते वाचून बघा.

७. हा मेल मशीनने पाठवलाय हे सांगा

ऑटो-रिप्लायला ऑटो-रिप्लाय आला की दोन मशीनं एकमेकांना उत्तरं देत बसतात आणि तुमची दिवसाची मर्यादा संपते. आरएफसी ३८३४ हे २००४ चं मानक नेमकं ह्यासाठीच आहे. "मेल (२)" च्या ॲडिशनल हेडर्समध्ये "ऑटो-सबमिटेड" हे हेडर टाका, किंमत "ऑटो-रिप्लाइड". समोरचा सर्व्हर शहाणा असेल तर त्याला परत आपोआप उत्तर देणार नाही.

वेबसाइटऐवजी तुमच्या स्वतःच्या मेल सर्व्हरवरचा सुट्टीचा रिप्लाय प्रोव्हायडरमार्फत पाठवत असाल तर आणखी एक भानगड आहे. असे रिप्लाय बहुतेक वेळा पाकिटावर (फ्रॉममध्ये नाही, तर सर्व्हर एकमेकांना सांगतात तिथे) पाठवणाऱ्याचा पत्ता रिकामा ठेवून जातात, म्हणजे ते बाउन्स झाले तरी परत फिरून येऊ नयेत. पण लॉगिन केलेल्या खात्याचाच पत्ता हवा असं म्हणणारे प्रोव्हायडर रिकामा पत्ता नाकारतात. तसं झालं तर पाकिटावर एक वेगळा, ज्याला ऑटो-रिप्लाय लावलेला नाही असा पत्ता द्या. रिकामा पत्ता चालत असेल तरी एसपीएफ त्या वेळी सर्व्हरच्या नावावर तपासलं जातं, तुमच्या डोमेनवर नाही, म्हणजे सगळी भिस्त डीकिमवर. आणि एकाच माणसाला परत परत उत्तर जाऊ नये म्हणून मधलं अंतर ठेवा. जीमेलचा स्वतःचा सुट्टीचा रिप्लायसुद्धा त्याच माणसाला चार दिवसांनीच परत जातो.

बॉट्सचंही (आपोआप फॉर्म भरत सुटणाऱ्या प्रोग्राम्सचंही) बघा. बॉट तुमच्या फॉर्ममध्ये तिसऱ्याच माणसाचा पत्ता टाकतो आणि निरोपाच्या जागी जाहिरात. तुमच्या ऑटो-रिप्लायमध्ये "तुम्ही पाठवलेला निरोप" म्हणून तोच मजकूर परत जात असेल, तर तुमच्या डोमेनच्या सहीनिशी ती जाहिरात अनोळखी लोकांना पोचते. म्हणून ऑटो-रिप्लायमध्ये भरलेला मजकूर परत पाठवू नका, नावसुद्धा शक्यतो नको, कारण नावाच्या रकान्यातही लिंक कोंबतात. टर्नस्टाइल किंवा रिकॅप्चा अशी बॉट अडवणारी सोय लावा.

८. टेस्ट

आधी प्लगिनमधला टेस्ट मेल, मग खऱ्या फॉर्मवरून. दोन्ही करायच्या, कारण टेस्ट मेलमध्ये फॉर्मचं फ्रॉम-सेटिंग तपासलं जात नाही. जीमेलवर आलेला मेल उघडून तीन ठिपक्यांत "शो ओरिजिनल" बघा, वरच एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींपुढे "पास" हवं आणि डीकिमपुढे तुमचंच डोमेन हवं. स्पॅममध्ये पडलेला मेल असला तरी हे बघा, कारण तिन्ही पास असतील तर दोष मजकुराचा किंवा नव्या डोमेनचा असतो आणि डीएनएसमध्ये परत खुडबुड करायची गरज नाही. नवीन रेकॉर्ड टाकल्यावर मात्र थोडं थांबा, कधी काही मिनिटांत दिसतं, कधी ४८ तास लागतात.

९. एरर आला तर

- ५३५: युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. ॲप पासवर्ड आहे का, रद्द झालाय का, होस्ट बरोबर आहे का. युजरनेम म्हणजे पूर्ण मेल आयडी.
- ५३४: ॲप पासवर्ड पाहिजे, तुम्ही नेहमीचा टाकलाय.
- ५३०: लॉगिनच झालं नाही, किंवा एन्क्रिप्शन चालू न करता लॉगिन करायला गेलात.
- ५५३: फ्रॉममधला पत्ता ह्या खात्याचा नाही. पायरी ५ परत बघा.
- ५५० आणि पुढे ५.७.२६: लॉगिन व्यवस्थित झालं, पण जीमेलने डोमेन तपासून मेल नाकारला. पायरी ६.

पहिल्या चारांसाठी प्लगिन आणि प्रोव्हायडर, शेवटच्यासाठी डीएनएस. एरर पूर्ण वाचा, नुसता आकडा नको, पुढच्या वाक्यात कारण बऱ्याचदा सरळ लिहिलेलं असतं.

१०. चालू झाल्यावर

डीमार्कचे रिपोर्ट काही आठवडे बघा. तुमचे सगळे मेल पास होतायत असं दिसलं, वर्गणीच्या पावत्या पाठवणारं सॉफ्टवेअर वगैरे धरून, की "नन" वरून "क्वारंटाइन" वर जा. घाई केली तर जे एखादं सॉफ्टवेअर यादीत घालायचं राहिलंय त्याचे मेल स्पॅममध्ये जातील.

ॲप पासवर्ड कोणत्या खात्याचा आहे, टू-स्टेपचा मोबाइल कोणाकडे आहे आणि डीएनएस कुठे आहे, ह्या तीन गोष्टी लिहून संस्थेच्या फाइलमध्ये ठेवा (पासवर्ड स्वतः लिहू नका). आणि महिन्यातून एकदा कोणीतरी स्वतः फॉर्म भरून बघा, कारण ऑटो-रिप्लाय बंद पडला हे तुम्हाला सांगायला गिऱ्हाइक येत नाही, तो पुढच्या होमस्टेला फोन करतो.